इंटरप्ट बंद करणाऱ्या फंक्शनवर कमेंट लिहिताना नेमकं काय लिहावं?

प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीचा स्वतःचा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आहे. आजवर तो एकाच कोअरवर चालायचा, आता चार कोअरच्या आर्म बोर्डवर न्यायचाय. इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेली 'हातातलं काम थांबव' ही हाक, चालू-बंद करणारी सात-आठ फंक्शन्स आहेत आणि हेडर फाइलमध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर एकच ओळ आहे: 'इंटरप्ट बंद करते', 'इंटरप्ट चालू करते'. वरिष्ठांनी हे सगळं नीट डॉक्युमेंट करायला सांगितलंय. विचारणाऱ्याला पडलेला पेच असा की फंक्शन मुळात चार ओळींचं, मग त्यावर आणखी लिहिणार काय?

बरंच काही. फंक्शन काय करतं ते त्या चार ओळी वाचून कुणालाही कळतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला वेगळ्याच दोन गोष्टी हव्या असतात: हे मी कुठून कॉल करू शकतो, आणि कॉल परत आला की मी काय गृहीत धरू शकतो. या दोन्हींची उत्तरं त्या चार ओळींत नसतात. ती असतात इंटरप्ट कंट्रोलरमध्ये (डिव्हाइसचे इंटरप्ट गोळा करून कोअरकडे पाठवणारा भाग), हँडलरला, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडला, वेगळा थ्रेड आहे की नाही यात, ती लाइन (डिव्हाइसकडून कंट्रोलरकडे येणारी वाट) आणखी कोण वापरतंय यात. म्हणजे जे कोड वाचून दिसत नाही, तेच कमेंटमध्ये यायला हवं.

उदाहरणं लिनक्समधली घेतो, कारण तिथला इतिहास चुकांसकट उघड्यावर आहे. फंक्शनच्या नावांत अंडरस्कोरच्या जागी जोडरेघ वापरलीय.

सुरुवात पातळीपासून करा. इंटरप्ट तीन ठिकाणी अडवता येतो, आणि तुमच्या हेडरमधली 'बंद करते' ही ओळ तिन्हींवर सारखीच बसते. पहिली जागा प्रोसेसर. लिनक्समध्ये लोकल-आयआरक्यू-डिसेबल हे करतं: एक्स८६ वर फ्लॅग्ज रजिस्टरमधला आयएफ बिट पुसला जातो, ६४-बिट आर्मवर डीएआयएफ रजिस्टरमधला आय बिट चढवला जातो. परिणाम फक्त त्याच कोअरवर. उरलेले तीन कोअर तुमचाच हँडलर त्याच क्षणी खुशाल चालवू शकतात. शिवाय एनएमआय (मुद्दाम अडवता न येणारा ठेवलेला इंटरप्ट) याला जुमानत नाही. आर्मवर तर जीआयसी-३ या इंटरप्ट कंट्रोलरच्या प्रायॉरिटी मास्कवर उभी केलेली एनएमआयसारखी सोय वापरत असाल, तर 'बंद'चा अर्थ 'अमुक प्रायॉरिटीच्या खालचे बंद' एवढाच उरतो, आणि हेही लिहावं लागतं.

दुसरी जागा कंट्रोलरमधली लाइन. डिसेबल-आयआरक्यू तिथे काम करतं. ती एक लाइन कुठल्याच कोअरला पोचत नाही, बाकीच्या लाइन सुरू राहतात. तिसरी जागा खुद्द डिव्हाइस, म्हणजे त्याच्या रजिस्टरमधला इंटरप्ट-मास्क (इंटरप्ट दाबून ठेवणारे बिट). इथे एक बारकावा नेहमी निसटतो. पीसीआय बसवरचं रजिस्टर-लेखन वाटेत रेंगाळू शकतं. लिहिण्याची सूचना संपली म्हणजे डिव्हाइसपर्यंत मूल्य पोचलंच असं नाही. म्हणून तेच रजिस्टर वाचून घेतात. तुमच्या फंक्शनमध्ये ते वाचन आधीच असेल तर कमेंटमध्ये त्याचं कारण द्या, नाहीतर कुणीतरी 'वाया जाणारं वाचन' म्हणून ते काढून टाकेल.

तेव्हा प्रत्येक कमेंटचं पहिलं वाक्य पातळी सांगणारं असू दे: 'फक्त चालू कोअरवर', 'ही लाइन सर्व कोअरसाठी', 'फक्त या डिव्हाइसमध्ये'.

तुमच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. एका कोअरवर 'इंटरप्ट बंद' म्हणजे 'आता मी एकटा' हे समीकरण खरं होतं. चार कोअरवर ते खोटं ठरतं, आणि जुना कोड त्या समीकरणावरच उभा असतो. लिनक्सही या वाटेने गेलाय. २.४ पर्यंत सीएलआय नावाचं फंक्शन होतं आणि अनेक प्रोसेसरच्या मशीनवर ते सगळ्याच प्रोसेसरवर इंटरप्ट थांबवायचं. वापरायला सोपं, पण वेगाच्या नावाने बोंब. २.५ च्या मालिकेत ते काढून टाकलं आणि ज्या ड्रायव्हरांची भिस्त त्यावर होती त्यांना स्पिनलॉककडे (दुसऱ्या कोअरने सोडेपर्यंत जागीच फिरत वाट पाहायला लावणारं लॉक) वळावं लागलं. झेफिर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमने उलट निवड केली. तिथलं आयआरक्यू-लॉक अनेक कोअरवर एक सार्वत्रिक लॉक बनतं, म्हणजे जुना कोड निदान बरोबर चालतो. आणखी एक गोष्ट झेफिरच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलीय: हे लॉक थ्रेडपुरतं असतं. लॉक घेतलेला थ्रेड झोपला, म्हणजे वाट पाहताना त्याने कोअर सोडून दिला, तर दुसऱ्या थ्रेडला इंटरप्ट उघडे मिळतात, पहिला परत आला की पुन्हा बंद. हे वाक्य वाचल्याशिवाय कुणालाही कोडवरून अंदाज येणार नाही.

तुम्ही यातला कुठलाही मार्ग घ्या, पण कमेंटमध्ये लिहा. 'दुसऱ्या कोअरपासून संरक्षण मिळत नाही, त्यासाठी स्पिनलॉक वापरा' हे एक वाक्य माझ्या मते या अख्ख्या कामातलं सर्वांत किमती वाक्य आहे.

आता मागच्या अवस्थेबद्दल. डिसेबल-एनेबल ही जोडी आणि सेव्ह-रिस्टोअर ही जोडी यांतला फरक सगळ्यांना माहीत असतो असं आपण समजतो, आणि तरीही निम्मे गोंधळ तिथेच होतात. एनेबल बेधडक चालू करतं. कॉल करणाऱ्याने आधीच इंटरप्ट बंद ठेवले असतील तरीही. म्हणून एनेबलच्या कमेंटमध्ये 'आधीची अवस्था विचारात घेत नाही' हे हवं आणि सेव्हच्या कमेंटमध्ये 'आधीपासून बंद असतानाही कॉल करता येतं, एकात एक चालतं' हे हवं. लिनक्समध्ये लोकल-आयआरक्यू-सेव्ह हा मॅक्रो आहे, फंक्शन नाही. फ्लॅग्जचा व्हेरिएबल पॉइंटर न देता थेट द्यायचा असतो आणि त्याचा प्रकार अनसाइन्ड लाँगच लागतो. मॅक्रो आहे हे कमेंटमध्ये दिसलं नाही तर नवखा माणूस हमखास पत्ता पाठवतो. त्या फ्लॅग्जचं मूल्य अपारदर्शक मानायचं, त्यात डोकावायचं नाही, दुसऱ्या फंक्शनकडे सोपवायचं नाही, असा दंडकही जुना आहे. एके काळी स्पार्क या प्रोसेसरवर रजिस्टर विंडोमुळे सेव्ह आणि रिस्टोअर एकाच फंक्शनमध्ये असणं सक्तीचं होतं.

खरी मेख मात्र लाइनच्या पातळीवर आहे: परत येताना चालू हँडलर संपलेला असतो का? डिसेबल-आयआरक्यू वाट पाहतं. दुसऱ्या कोअरवर तुमचा हँडलर मध्यावर असेल तर तो संपेपर्यंत ते परत येत नाही. डिसेबल-आयआरक्यू-नोसिंक वाट पाहत नाही. दोन्हींच्या अंगात फरक फार थोडा, पण करारात जमीन-अस्मानाचा. पहिल्यानंतर तुम्ही हँडलर वापरत असलेला बफर मोकळा करू शकता, दुसऱ्यानंतर केलात तर मेलात. पहिलं त्याच लाइनच्या हँडलरमधून कॉल केलंत तर ते स्वतःचीच वाट पाहत बसेल. हँडलरला लागणारं लॉक हातात धरून कॉल केलंत तरी तेच, फक्त पकडायला कठीण, कारण डेडलॉक (दोघं एकमेकांची वाट पाहत अडकणं) तेव्हाच होतो जेव्हा नेमक्या त्या क्षणी हँडलर दुसरीकडे चालू असतो. ऑफिसच्या टेबलावर महिनाभर काही होत नाही, ग्राहकाकडे गेल्यावर होतं.

लिनक्समध्ये या एका फंक्शनच्या कमेंटचा इतिहास शिकण्यासारखा आहे. तिच्यात बरीच वर्षं असं वाक्य होतं की जपून वापरलं तर इंटरप्टच्या संदर्भातूनही, म्हणजे इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमधूनही, हे कॉल करता येईल. लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. मग २००९ साली, २.६.३० मध्ये, थ्रेडवर चालणारे हँडलर आले. आता डिसेबल-आयआरक्यूला त्या थ्रेडचीही वाट पाहावी लागू लागली, आणि थ्रेडची वाट पाहायची म्हणजे झोपावं लागतं. इंटरप्टच्या संदर्भात झोपता येत नाही. म्हणजे कमेंटमधलं वाक्य बदललं नाही, पण त्याच्याखालची जमीन सरकली. ते दुरुस्त करणारा पॅच आला २०२२ च्या डिसेंबरात. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: कमेंट बदलून 'फक्त प्रीएम्प्ट होऊ शकणाऱ्या (मध्येच थांबवून दुसरं काम चालवता येईल अशा) कोडमधूनच कॉल करा' असं केलं, आणि फंक्शनच्या आत माइट-स्लीप ही, झोपायला मनाई असलेल्या जागेतून कॉल आला तर इशारा देणारी, तपासणी टाकली.

तेरा वर्षं. आणि हा काही कोपऱ्यातला ड्रायव्हर नव्हे, कर्नलच्या गाभ्यातली फाइल आहे, शेकडो डोळ्यांखालून गेलेली. माझं मत यावरून पक्कं झालंय की संदर्भाविषयीचं कुठलंही वाक्य एकट्या कमेंटच्या भरवशावर ठेवू नये. 'झोपू शकतं' असं लिहिलंत तर आत माइट-स्लीपसारखी तपासणी हवी. 'इंटरप्ट बंद असतानाच कॉल करा' असं लिहिलंत तर तिथे लॉकडेप-असर्ट-आयआरक्यूज-डिसेबल्डसारखं काही हवं. तुमच्या कर्नलमध्ये हे नसेल तर डिबग बिल्डपुरतं एक मॅक्रो लिहायला तासभर लागेल. कमेंट खोटी पडली की निदान लॉगमध्ये आरडाओरडा होईल.

डिसेबल-आयआरक्यूला पर्यायही आहेत. डिसेबल-हार्डआयआरक्यू फक्त वरच्या, खऱ्या इंटरप्टमध्ये चालणाऱ्या भागाची वाट पाहतं आणि थ्रेड अजून चालू असेल तर खोटं हे मूल्य परत देतं. असं परत येणारं मूल्य असेल तर त्याचा अर्थ सांगा आणि कॉल करणाऱ्याने त्यावर काय करायचं तेही सांगा. 'यशस्वी झाल्यास खरं' हे काही स्पष्टीकरण नाही.

लाइनबद्दल आणखी चार गोष्टी आहेत, त्यातल्या दोन लगेच संपतात. पहिली मोजणी: दोनदा बंद केलं तर दोनदा चालू करावं लागतं, लिनक्स आत डेप्थ नावाचा आकडा ठेवतो आणि जास्तीचं एनेबल आलं की 'अनबॅलन्स्ड एनेबल' अशी तक्रार छापतो. तुमच्याकडे मोजणी नसेल तर 'मोजणी नाही, एक एनेबल पुरेसं' हेही लिहा. दुसरी गोष्ट सामायिक लाइनची: तुम्ही बंद केलेल्या लाइनवर दुसरं डिव्हाइस असेल तर त्याचेही इंटरप्ट थांबले. हे उघड वाटतं, पण कमेंटमध्ये नसलं की ड्रायव्हर लिहिणारा फक्त स्वतःच्या डिव्हाइसचा विचार करतो.

तिसरी जरा खोल आहे. डिसेबल-आयआरक्यू परत आलं म्हणजे हार्डवेअरमध्ये लाइन खरोखर मास्क झाली का? लिनक्समध्ये बहुधा नाही. कंट्रोलरच्या ड्रायव्हरने वेगळं डिसेबल दिलेलं नसेल तर कर्नल फक्त 'बंद' अशी नोंद करून ठेवतो. हार्डवेअरला हात लावायला वेळ लागतो आणि पुष्कळदा तेवढ्या काळात इंटरप्ट येतच नाही. आलाच, तर त्या वेळी मास्क करतो, हँडलर चालवत नाही, आणि एज प्रकारचा (लाइनची पातळी बदलताच क्षणभर मिळणारा) असेल तर 'एक आला होता' हे लक्षात ठेवून पुन्हा चालू करताना तो नव्याने उठवतो. लेव्हल प्रकारात लक्षात ठेवायची गरजच नाही, कारण डिव्हाइसने लाइन धरूनच ठेवलेली असते. कॉल करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की चालू केल्याबरोबर लगेच हँडलर उठू शकतो, मधल्या काळात घडलेल्या गोष्टीसाठी. तुमच्या कर्नलमध्ये बंद असताना आलेला इंटरप्ट हरवतो की साठतो? उत्तर कोड वाचून नव्हे, बोर्डवर बटण दाबून तपासा आणि मग लिहा.

चौथी एनेबलची. लिनक्सच्या एनेबल-आयआरक्यूवर एक ओळ आहे, ती वाचताना लोक अडखळतात: इंटरप्टच्या संदर्भातून हे कॉल करता येतं, पण कंट्रोलरच्या बस-लॉक आणि बस-सिंक-अनलॉक या जागा रिकाम्या असतील तरच. कारण साधं आहे. इंटरप्ट कंट्रोलर कधी कधी आय२सी या, चिपांना जोडणाऱ्या संथ बसच्या पलीकडे बसलेला असतो, जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या पिना) वाढवणाऱ्या चिपमध्ये. त्याचं रजिस्टर बदलायला बसवर व्यवहार करावा लागतो आणि त्यात झोपावं लागतं. एकच फंक्शन, एकाच प्रकारचा आर्ग्युमेंट, पण लाइन कुठल्या चिपवर आहे त्यावर परवानगी बदलते. तुमच्या बोर्डवर अशी चिप (एक्सपांडर) असेल तर ही अट कमेंटमध्ये आलीच पाहिजे, मात्र लिनक्सपेक्षा सोप्या शब्दांत. आतल्या फील्डची नावं सांगण्याऐवजी 'आय२सी किंवा एसपीआयच्या पलीकडच्या लाइनसाठी इंटरप्टमधून कॉल करू नका' म्हटलं तर वाचणाऱ्याला दुसरी फाइल उघडावी लागत नाही.

नोंदणी आणि मुक्ती यांच्या कमेंटमध्ये क्रम सांगायचा असतो. रिक्वेस्ट-आयआरक्यूच्या कमेंटमधला मुद्दा असा: हा कॉल केल्या क्षणापासून, परत येण्याआधीही, तुमचा हँडलर चालू शकतो. म्हणून हँडलरला लागणारं सगळं आधी तयार हवं. फ्री-आयआरक्यूमध्ये उलट: सामायिक लाइन असेल तर आधी आपल्या डिव्हाइसमधला इंटरप्ट बंद करायचा, मग फ्री. फ्री चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं आणि इंटरप्टच्या संदर्भातून चालत नाही. सामायिक लाइनवर डिव्हाइसची ओळख म्हणून दिलेला पॉइंटर रिकामा चालत नाही, कारण फ्री करताना कुणाचा हँडलर काढायचा हे त्यावरूनच ठरतं. कर्नलमध्ये डिबग-शेअर्ड-आयआरक्यूचा पर्याय चालू केला तर सामायिक हँडलर काढण्याच्या जरा आधी तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट उठवतो. क्रम चुकलेला ड्रायव्हर तिथेच उताणा पडतो. कमेंटची परीक्षा घेणारी ही पद्धत मला फार आवडते.

फॉर्म कसा ठेवायचा यावर जास्त डोकं खपवू नका. लिनक्सची कर्नल-डॉक ही कमेंट लिहिण्याची पद्धत पुरते: नाव आणि एका ओळीत काम, मग प्रत्येक आर्ग्युमेंट, मग वर्णन, मग कॉन्टेक्स्ट आणि रिटर्न हे दोन भाग. यातला कॉन्टेक्स्टचा भाग लोक रिकामा सोडतात, आणि इंटरप्टच्या फंक्शनसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. त्यात तीन गोष्टी लिहा: कुठून कॉल करता येतं, झोपतं का, आत कुठलं लॉक घेतं. कमेंट व्याख्येपाशी ठेवा, म्हणजे कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहील. आर्मच्या रजिस्टरांची नावं सामायिक हेडरमध्ये आणू नका, ती आर्किटेक्चरच्या फाइलमध्येच शोभतात.

नमुना म्हणून, मी लाइन बंद करणाऱ्या फंक्शनवर साधारण असं लिहीन:

'दिलेली इंटरप्ट लाइन सर्व कोअरसाठी बंद करते आणि तिचा चालू हँडलर, त्याच्या थ्रेडसह, संपेपर्यंत थांबते. परत आल्यावर हँडलर कुठल्याही कोअरवर चालू नसतो. कॉल मोजले जातात, प्रत्येकासाठी एक लाइन-चालू लागतो. लाइन सामायिक असेल तर इतर डिव्हाइसचेही इंटरप्ट थांबतात. बंद असताना आलेला एज इंटरप्ट साठवला जातो आणि लाइन चालू होताच हँडलर उठतो, अनेक आले तरी एकदाच. संदर्भ: फक्त थ्रेडमधून, झोपू शकते. हँडलर घेतो ते कुठलंही लॉक धरून कॉल करू नये. इंटरप्टमधून लाइन बंद करायची असल्यास न थांबणारं रूप वापरा.'

आठ-नऊ वाक्यं झाली. यातलं एकही वाक्य फंक्शनच्या चार ओळींवरून सहज कळत नाही, म्हणून एकही जास्तीचं नाही.

आर्मवर जाताय म्हणून निष्क्रिय लूपचं, म्हणजे काम नसताना कोअरला झोपवणारं, फंक्शनही पाहून घ्या. एक्स८६ वर एसटीआयचा (इंटरप्ट चालू करणारी सूचना) परिणाम पुढच्या एका सूचनेनंतर होतो, म्हणून एसटीआय आणि एचएलटी (कोअरला झोपवणारी सूचना) लागोपाठ लिहितात. मध्ये काही घुसवलं तर नेमक्या त्या फटीत इंटरप्ट येऊन जातो आणि कोअर झोपून राहतो. आर्मवर डब्ल्यूएफआय या सूचनेने झोपलेला कोअर इंटरप्ट मास्क केलेले असतानाही प्रलंबित इंटरप्टने जागा होतो, म्हणून तिथे आधी झोपून मग मास्क काढता येतो. दोन्हीकडे फंक्शनचं नाव एकच असेल, पण 'इंटरप्ट बंद असताना कॉल करा, परत येताना कुठल्या अवस्थेत असतील' हा करार दोन्हीकडे सारखा आहे का, हे कागदावर यायला हवं.

पुढे कधी रिअलटाइमचा विचार असेल तर आणखी एक इशारा. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सचं रिअलटाइम रूप, २०२४ साली ६.१२ मध्ये मुख्य लिनक्समध्ये पूर्णपणे आलं. त्या बिल्डमध्ये स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह, नावात आयआरक्यू असूनही, प्रोसेसरचे इंटरप्ट बंद करत नाही. साधा स्पिनलॉक तिथे झोपणारं लॉक बनतो. खरोखर बंद करायचे तर रॉ स्पिनलॉक लागतो. म्हणून लॉकच्या कमेंटमध्ये 'इंटरप्ट बंद होतात' असं लिहिण्यापेक्षा 'याच लॉकवर हँडलरशी टक्कर होत नाही' असं लिहिलेलं टिकतं.

आणि वेळ. 'शक्य तितक्या कमी वेळ बंद ठेवा' हे वाक्य मी रिव्ह्यूमध्ये कापतो, त्याने कुणाचंच काही भलं होत नाही. आकडा द्या, आणि तो तुमच्या हार्डवेअरवरून काढा. सिरियल पोर्ट १,१५,२०० बॉडवर चालत असेल तर एक बाइट, सुरुवात आणि शेवटच्या बिटांसह, १० बिटांचा, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. १६५५० प्रकारच्या चिपमध्ये १६ बाइटचा फिफो (आलेले बाइट रांगेत साठवणारी जागा) असतो. इंटरप्ट १४ बाइट भरल्यावर येईल असं लावलं असेल तर उरतात दोन जागा, म्हणजे सुमारे १७४ मायक्रोसेकंद. त्याहून जास्त वेळ इंटरप्ट अडवले तर बाइट गळायची जोखीम सुरू. हँडलर उठायला लागणारा वेळ धरून कमेंटमध्ये '१०० मायक्रोसेकंदांच्या आत' असं लिहिलंत तर पुढच्या माणसाला ते मोजता येतं. लिनक्सवर मोजायला आयआरक्यूज-ऑफ (irqsoff) हा ट्रेसर आहे, इंटरप्ट किती वेळ बंद राहिले ते नोंदणारा. तुमच्याकडे एक जीपीआयओ पिन आणि ऑसिलोस्कोप पुरेल.

काम हातात घेताना हेडरपासून सुरू करू नका. आधी प्रत्येक फंक्शन कुठून कुठून कॉल होतंय ते ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) काढा आणि त्या जागी कॉल करणाऱ्याने काय गृहीत धरलंय ते पाहा. काही ठिकाणी तुम्हाला दिसेल की फंक्शन जे देत नाही तेच त्याने गृहीत धरलंय. न थांबणारं रूप वापरून लगेच बफर मोकळा केलाय, किंवा कोअरचे इंटरप्ट बंद करून सामायिक यादीत फेरफार केलाय. अशा जागांसाठी कमेंट सैल करू नका. करार नेमका लिहा आणि त्या जागा वेगळ्या पॅचमध्ये दुरुस्त करा, चार कोअरचा बोर्ड टेबलावर यायच्या आत.